बचत कोणाची, भार कोणावर?

२०२५ साली घटस्थापनेच्या दिवसापासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर उतरला. २८ टक्के कर व त्यावरील उपकर यांच्या जागी १८ टक्के कर आला, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नाशिकमधील विक्रेत्यांच्या दारांत झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडले गेले आणि कुटुंब आत बसले. अशा वेळी हमखास एक तक्रार कानी येते. थोरल्या भावाच्या जुन्या गाडीत दरवाजाला आतून कापडी अस्तर होते, नव्या गाडीत नुसते प्लॅस्टिक आहे. मागे बसणाऱ्याला धरावयास छताजवळ मूठ होती, ती गेली. डोके टेकण्याचा आधार वर-खाली होत असे, आता तो सीटच्या पाठीशी एकजीव झाला आहे. गाडीचे नाव तेच, किंमत चढती, आणि आतले सामान मात्र हळूहळू विरळ होत चाललेले.

या तक्रारीला दोन ठरीव उत्तरे मिळतात. विक्रेता सांगतो की हे नव्या पद्धतीचे डिझाइन आहे, ग्राहकांची आवड बदलली आहे. शेजारी सांगतो की कंपन्या फसवतात, दर वर्षी काहीतरी काढून घेतात. पहिले उत्तर भाबडे आहे आणि दुसरे आळशी. वस्तूच्या घडणीतील प्रत्येक बदलामागे खर्चाचा हिशेब असतो, हे कारखान्यात काम केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. प्रश्न खर्च कमी केला की नाही, हा नव्हेच. कोणाचा खर्च कमी झाला, तो कोणाच्या माथी गेला आणि वाचलेला रुपया कोणाच्या खिशात पडला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय या विषयाचा उलगडा होणार नाही.

या प्रश्नांचा विचार करण्यास नाशिकइतके योग्य शहर शोधून सापडणार नाही. गाडीच्या आतल्या एकेका तुकड्याचा खर्च मोजून, तो कमी करण्याच्या जाहीर हेतूनेच जी मोटार जन्माला घातली गेली, ती २००७ सालापासून नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात तयार होऊ लागली. तिचे नाव लोगन.

लोगनचा धडा

लोगनची कथा रुमानियात सुरू होते. फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९९९ साली तेथील दाचिया ही मोटार कंपनी ताब्यात घेतली. रेनोचे तत्कालीन प्रमुख लुई श्वाइट्झर यांनी आपल्या अभियंत्यांपुढे एक उद्दिष्ट ठेवले : सुमारे पाच हजार युरोंत विकता येईल अशी, चार माणसांचे कुटुंब सामानासह नेणारी आणि खराब रस्त्यांवर टिकणारी मोटार. २००४ साली ती बाजारात आली. पुढे महिंद्रा आणि रेनो यांनी ५१ व ४९ टक्के भागीदारीची संयुक्त कंपनी काढली आणि तीच मोटार उजव्या बाजूच्या स्टेअरिंगसह नाशकात तयार होऊ लागली.

ही मोटार स्वस्त कशी झाली, हे तिच्या आत डोकावले की समजते. बहुतेक गाड्यांत डावा आरसा व उजवा आरसा यांची घडण वेगळी असते, म्हणजे दोन साचे, दोन साठे आणि दोन निराळे हिशेब. लोगनच्या दोन्ही बाजूंचे आरसे एकमेकांच्या जागी बसतील असे सारखे केले गेले. डॅशबोर्ड सामान्यतः अनेक तुकडे जोडून केला जातो. येथे तो एकाच साच्यातून ओतलेला एकसंध तुकडा होता. समोरची काच नेहमीपेक्षा सपाट ठेवली, कारण काचेला जितका बाक अधिक तितकी ती महाग आणि तयार होताना बाद होण्याचे प्रमाणही अधिक. काचा वर-खाली करण्याची बटणे दरवाजांवर न बसवता मध्यभागी बसवली, म्हणजे तारा थोड्या लागतात आणि स्टेअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, जागा तीच राहते. रेनोच्या आधीच्या गाड्यांचे सुटे भाग जेथे चालतील तेथे तेच वापरले गेले.

यांपैकी कोणत्या गोष्टीने बसणाऱ्याचे नुकसान झाले? बटण शोधण्यास हात दरवाजाकडे जाई आणि तेथे काही नसे, ही गैरसोय खरी. डॅशबोर्ड दिसावयास बोजड आणि रुक्ष, हेही खरे. पण मागच्या सीटवर तीन मोठी माणसे खरोखर बसू शकत, डिकीत लग्नाचे सामान मावत असे, आणि चाकांखालचा खड्डा कमरेपर्यंत पोहोचत नसे. जी गोष्ट माणसाच्या कामाची, ती राखली. जी केवळ डोळ्यांसाठी, तिच्यावर कात्री चालवली. टॅक्सी चालवणाऱ्यांनी ही गाडी पुढील काळात आपलीशी केली, यात नवल नाही. दिवसाचे बारा तास जो सीटवर काढतो, त्याला डॅशबोर्डच्या चकाकीशी कर्तव्य नसते. त्याला पाठीखालच्या सीटशी असते.

उद्योगांच्या भाषेत या पद्धतीला मूल्य अभियांत्रिकी म्हणतात. तिचा उगमही उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कच्च्या मालाची टंचाई झाली, तेव्हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एका मालाऐवजी दुसरा वापरण्याची वेळ वारंवार येई. लॉरेन्स माइल्स या खरेदी विभागातील अभियंत्याच्या ध्यानी आले की बदली माल पुष्कळदा अधिक स्वस्त असतो आणि कामही तितकेच चांगले किंवा अधिक चांगले देतो. त्यातून त्यांनी युद्धानंतर एक शास्त्र बांधले. त्याचा पहिला प्रश्न असा : ही वस्तू काय आहे हे बाजूला ठेवा, ती काय काम करते ते सांगा. काम तेच राहून खर्च उतरला तर मूल्य वाढले. कामच उतरले तर ते मूल्य अभियांत्रिकी नव्हे, ती निव्वळ काटछाट.

हा भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. काटकसर हा समाजवादाचा शत्रू नाही. ज्या देशात बहुसंख्यांच्या गरजा अजून भागावयाच्या आहेत, तेथे धातूचा एक ग्रॅम किंवा श्रमाचा एक तास वाया घालवणे हा सामाजिक गुन्हाच होय. दोन्ही बाजूंना चालणारा एकच आरसा घडवणाऱ्या अभियंत्याचे कौतुक करावयास कचरण्याचे कारण नाही.

कायद्याची कात्री

तथापि मोटारीच्या आकारावर चालणारी कात्री केवळ अभियंत्याच्या हाती असते, असे मानणे चूक ठरेल. २००६-०७च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. लहान मोटार म्हणजे काय, याची व्याख्याही करून दिली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत, डिझेल इंजिन १,५०० पर्यंत. लोगनचे डिझेल इंजिन या मापात बसत होते, पण तिची लांबी सव्वाचार मीटरांच्या घरात होती. काटकसरीने घडवलेली ही गाडी भारतात करासाठी मोठी ठरली. ज्या किमतीच्या जोरावर ती युरोपात उभी राहिली, तो जोर येथे ओसरला. २०१० साली संयुक्त कंपनी मोडली, महिंद्राने रेनोचा हिस्सा घेतला, आणि गाडीचे नाव व्हेरिटो झाले. मग २०१३ साली त्याच गाडीची मागची बाजू आखूड करून, लांबी चार मीटरच्या आत आणून, व्हेरिटो व्हाइब नावाने ती पुन्हा बाजारात मांडली गेली.

म्हणजे ज्या डिकीत कुटुंबाचे सामान मावत होते, ती डिकी करापायी आखडली. देशातील इतरही अनेक कंपन्यांच्या गाड्या याच काळात त्याच रेषेपाशी येऊन थबकल्या. दिसण्याचा विचार मागे पडला आणि मोजपट्टी पुढे आली. वस्तू व सेवा कराच्या २०२५च्या फेरबदलातही चार मीटरांची ही रेषा कायम आहे. कर ही सामाजिक धोरणाची हत्यारे असतात आणि लहान गाडीला सवलत देणे तत्त्वतः योग्यच. पण ती सवलत देताना लांबीचे माप घेणाऱ्या शासनाने त्याच वेळी सुरक्षिततेचे माप का घेतले नाही, हा प्रश्न विचारणे भाग आहे. करसवलत म्हणजे लोकांचा पैसा. त्या पैशाने आखूड गाडी मिळाली. अधिक सुरक्षित गाडी मिळालीच पाहिजे, अशी अट त्या वेळी घातली गेली नाही.

न दिसणारी काटछाट

या अभावाचा परिणाम २०१४च्या जानेवारीत जगापुढे आला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारींच्या सर्वांत स्वस्त प्रकारांची टक्कर-चाचणी घेतली : मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. प्रौढ प्रवाशाच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. एकीतही एअरबॅग नव्हती. यांतली आय-टेन भारतातूनच युरोपला निर्यात होत असे, आणि तेथे जाणाऱ्या गाडीत एअरबॅग असत. एकाच कामगाराच्या हातांनी जोडल्या जाणाऱ्या दोन गाड्या. एक बोटीने परदेशी जाणारी, दुसरी येथील रस्त्यावर उतरणारी. पहिलीत बसणाऱ्याच्या छातीचे मोल धरले गेले, दुसरीत बसणाऱ्याच्या छातीचे धरले गेले नाही.

येथे काटकसर संपते आणि अन्याय सुरू होतो. आरसा सारखा केला तर तो ग्राहकाला दिसतो. आवडला नाही तर तो दुसरी गाडी घेऊ शकतो. पण दरवाजाच्या पत्र्याआड एक आडवी पट्टी आहे की नाही, स्टेअरिंगच्या गोल झाकणाखाली फुगणारी पिशवी आहे की नुसती पोकळी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात त्या राखावयाच्या आणि ज्या प्राण राखतात त्या कापावयाच्या, अशी उलटी नीती बाजारात रूढ होण्याचे कारण हेच. वरच्या किमतीच्या प्रकारात तीच सुरक्षितता वैकल्पिक वस्तू म्हणून विकली जात होती, म्हणजे सुरक्षिततेचीही वर्गवारी झाली. चालकाची एअरबॅग प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची व्हावयास २०१९चा जुलै उजाडावा लागला. शेजारी बसणाऱ्याची त्याहूनही उशिरा आली. सक्ती झाल्यावर एकही कंपनी बुडाली नाही. या अनुभवातून जो बोध घ्यावयाचा तो स्पष्ट आहे.

अल्पशा बचतीची किंमत किती भयंकर होऊ शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल मोटर्सच्या कोबाल्ट व तत्सम लहान गाड्यांत किल्ली फिरवण्याचे कुलूप सैल होते. जड जुडगा लोंबत असला किंवा गुडघा लागला तर किल्ली आपोआप फिरे, धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही निकामी होत. हा दोष कंपनीतील अभियंत्यांना २०१४च्या कितीतरी आधी माहीत होता. दुरुस्तीच्या भागाची किंमत एका डॉलरहून कमी होती. तरीही खर्च परवडत नाही म्हणून ती पुढे ढकलली गेली. २०१४ साली लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे ग्राह्य धरले. हाताच्या बोटाएवढा आतला एक भाग, आणि एवढी माणसे.

स्वस्ताईची लाज आणि पडद्याचा पडदा

टाटांच्या नॅनोकडेही या संदर्भात पुन्हा पाहावयास हवे. २००८ साली ती जगापुढे आली आणि २००९ साली बाजारात उतरली तेव्हा तिच्यातली काटकसर लपवलेली नव्हती. एकच वायपर, चाकाला तीनच नट, साध्या प्रकारात बाहेरचा एकच आरसा, मागून न उघडणारी डिकी, आणि डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेले वेगमापक. स्कूटरवर चौघांनी जाणाऱ्या कुटुंबासाठी ही गाडी असल्याचे सांगितले गेले. त्या कुटुंबाने मात्र तिच्याकडे पाठ फिरवली. सर्वांत स्वस्त गाडी असा तिचा गवगवा करण्यात चूक झाली, हे पुढे खुद्द रतन टाटांनीही मान्य केले. गरीब माणूस पैशाने गरीब असतो, स्वाभिमानाने नव्हे. आपली गाडी ही आपल्या दारिद्र्याची जाहिरात व्हावी, असे कोणास वाटेल?

या अनुभवातून उद्योगाने घेतलेला धडा मात्र अर्धाच होता. काटकसर सोडावयाची नाही, ती झाकावयाची. आजच्या लहान मोटारीत डॅशबोर्डच्या मध्यभागी जो मोठा चकचकीत पडदा दिसतो, त्याचे एक रहस्य येथे आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, त्यामागे स्विच लागतो, त्याला तारा लागतात आणि ते बसवणारा कामगार लागतो. पडदा एकदा बसवला की वाऱ्याचा झोत, गाणी, घड्याळ आदी सर्व कामे त्यावर ढकलता येतात आणि गाडी आधुनिकही दिसते. काटछाटीला प्रगतीचे नाव मिळते. परंतु बोटाने चाचपून सापडणारे बटण आणि नजर रस्त्यावरून काढून शोधावयाचा पडद्यावरचा चौकोन यांत फरक आहे. तो फरक घाटातल्या वळणावर कळतो. युरोपातील टक्कर-चाचणी करणाऱ्या युरो एनकॅपने २०२६पासून नियम बदलले आहेत. दिशादर्शक दिवे, भोंगा, वायपर, धोक्याची सूचना देणारे दिवे यांसाठी खरीखुरी बटणे वा दांडे असल्याखेरीज पूर्ण गुण मिळणार नाहीत. म्हणजे बटण हा जुनाटपणा नव्हता, ती सुरक्षितता होती, हे मान्य करावयाची पाळी आली.

खर्च जेथे जिरतो

आतापर्यंतचा विचार गाडीत बसणाऱ्याचा झाला. गाडी करणाऱ्याचा विचार केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. सुटे भाग कमी झाले, सांधे कमी झाले की जोडणीचा वेळ कमी होतो. हा वाचलेला वेळ कामगाराला विसावा म्हणून मिळतो, की पट्टा अधिक वेगाने फिरवण्यास वापरला जातो? उत्तर कामगारांना विचारावे लागत नाही, त्यांच्या खांद्यांना विचारावे.

लोगनच्या स्वस्ताईतही केवळ बुद्धीचा वाटा नव्हता. रुमानियातील कमी वेतनाचा वाटा तितकाच मोठा होता, आणि तेथील कामगारांना तो ठाऊक होता. २००८च्या मार्च-एप्रिलमध्ये दाचियाच्या मिओवेनी येथील कामगारांनी जवळजवळ तीन आठवडे संप केला आणि लक्षणीय वेतनवाढ मिळवली. आपल्या हातची गाडी युरोपभर खपते, तर तिच्या यशात आपला भाग कोठे, हा त्यांचा सवाल होता. पुढल्याच वर्षी, २००९च्या मे महिन्यात, महिंद्राच्या नाशिक कारखान्यातही संप झाला. त्याचे कारण संघटनेच्या नेत्याचे निलंबन हे होते, गाडीची घडण नव्हे. दोन्ही लढ्यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. पण एकच मोटार घडवणारे दोन देशांतले कामगार एका वर्षाच्या अंतराने कारखान्याबाहेर उभे होते, आणि त्यांना परस्परांची वार्ताही बहुधा नव्हती, ही गोष्ट मनात ठेवण्याजोगी आहे. भांडवलाने आपले आराखडे एका देशातून दुसऱ्या देशात सहज नेले. कामगार चळवळीला आपला अनुभव तसा नेता आला नाही.

आणि मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी ही कथा थांबत नाही. दरवाजाचे अस्तर, बटणांच्या तारा, सीटचा सांगाडा, प्लॅस्टिकचे झाकण या वस्तू मुख्य कारखान्यात क्वचितच होतात. त्या पुरवठादारांकडून येतात. सातपूर-अंबडच्या वसाहतींतील कित्येक लहान शेड मोठ्या उद्योगांना माल पुरवूनच तगून आहेत. मोटार उद्योगात जगभर एक रीत रूढ आहे : पुरवठादाराने सुट्या भागाचा दर वर्षागणिक उतरवत न्यावयाचा. पहिल्या वर्षी तो यंत्राची मांडणी सुधारून हे साधतो, दुसऱ्या वर्षी टाकाऊ माल कमी करून. तिसऱ्या वर्षी सुधारावयास काही उरत नाही. मग कायम कामगाराच्या जागी कंत्राटी येतो, कंत्राटीच्या जागी शिकाऊ उमेदवार येतो, आणि दाबयंत्राच्या तोंडाशी बोटांचे रक्षण करणारी जाळी काम मंदावते म्हणून बाजूला काढली जाते. गाडीत प्लॅस्टिकचा तुकडा दोन रुपयांनी स्वस्त झाला, असे कागदावर दिसते. ते दोन रुपये कोणाच्या बोटांतून आले, हे कागद सांगत नाही. लहान उद्योगांची देणी ४५ दिवसांत चुकती करावीत असे २००६चा कायदा सांगतो. पण ज्याचे पोट एकाच गिऱ्हाइकावर आहे, तो त्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार घेऊन कोणत्या तोंडाने जाणार?

दोन आक्षेप

येथे काही सहानुभूतीदारही विचारतील की मोटारीच्या आतल्या सजावटीचा ऊहापोह समाजवाद्यांनी कशाला करावा. बहुसंख्य जनता एस.टी.च्या थांब्यावर उभी आहे. मोटार घेणाऱ्याचे अस्तर गेले तर गेले. या आक्षेपात तथ्य आहे. सार्वजनिक वाहतूक सुधारणे हेच खरे उत्तर होय, आणि त्याला लहान मोटार कधीही पर्याय ठरणार नाही. पण ही पद्धत मोटारीपुरती मर्यादित नाही. एस.टी.च्या सीटवरील गादीची जाडी, सरकारी दवाखान्यातील खाटेचा पत्रा, शाळेच्या बाकाचे लाकूड, मिक्सरच्या पात्याचा धातू, सर्वत्र हाच हिशेब चालतो. मोटारीत तो अधिक स्पष्ट दिसतो, इतकेच. शिवाय तीच लहान मोटार भाड्याने चालवून पोट भरणारा चालक हा मालक नसून श्रमिक आहे, आणि ती सीट हे त्याचे कामाचे ठिकाण आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा. जुन्या गाड्या भक्कम होत्या, आजच्या पत्र्याच्या डब्या आहेत, असे म्हणत मागे वळून पाहणारे पुष्कळ असतात. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची आठवण त्यांना येते. ती गाडी १९६०च्या दशकातील फियाटच्या घडणीवर बेतलेली होती आणि तिच्या मूळ साच्यात शतक संपत येईपर्यंत फारसा फरक झाला नाही. ग्राहक नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबत असे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली तेव्हा अनेकांना गहिवरून आले, ते स्वाभाविकच. परंतु काहीही न बदलणे हीदेखील एक काटकसरच असते. नव्या साच्यावर, संशोधनावर, सुरक्षिततेवर खर्च न करता टंचाईच्या आश्रयाने जुनाच माल विकणे हा मालकाच्या सोयीचा मार्ग होता. बंदिस्त बाजारात ग्राहक थांबून गप्प बसला, खुल्या बाजारात तो चकाकी पाहून गप्प बसतो. दोन्हीकडे त्याला विचारले कोणीच नाही.

मागण्या काय असाव्यात

तेव्हा नुसती हळहळ पुरेशी नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी दाम बांधण्याचा विचार मांडला, तेव्हा कारखान्यातील गरजेच्या वस्तूची विक्रीकिंमत तिच्या उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये, असे सूत्र पुढे ठेवले होते. ते सूत्र मोटारीला जसेच्या तसे लावावयाचे की नाही, यावर वाद होऊ शकेल. पण खर्च आणि किंमत यांतील नाते हा लोकांच्या चर्चेचा विषय आहे, मालकाच्या तिजोरीतील गुपित नाही, हा त्यामागील विचार आजही तितकाच ताजा आहे.

त्या विचाराला धरून काही ठोस मागण्या करता येतात. एक, कोणत्याही गाडीची नवी आवृत्ती काढताना मागील आवृत्तीतून काय काढले व काय घातले, याची यादी विक्रीच्या कागदपत्रांसोबत ग्राहकाला मराठीतून देणे सक्तीचे असावे. औषधाच्या वेष्टनावर घटक छापले जातात, तर काही लाखांच्या वस्तूबाबत हा संकोच कशासाठी? दोन, भारतात २०२३च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली भारत एनकॅप चाचणी कंपनीच्या इच्छेवर न ठेवता प्रत्येक गाडीच्या सर्वांत स्वस्त प्रकारासाठी बंधनकारक करावी, आणि लहान मोटारीची करसवलत त्या चाचणीतील किमान गुणांशी जोडावी. तीन, पुरवठादाराकडून दरकपात मागताना मोठ्या कारखान्याने तेथील वेतन व सुरक्षिततेची जबाबदारी लेखी स्वीकारावी. साखळीच्या वरच्या टोकाला नफा आणि खालच्या टोकाला अपघात, ही वाटणी चालू देता कामा नये.

चौथी मागणी कामगार संघटनांपाशीच करावयाची आहे, आणि ती सर्वांत कठीण आहे. आजवर संघटनांनी वेतन, बोनस, पाळी यांवर बोलणी केली. वस्तू कशी घडावी हा मालकाचा अधिकार मानला गेला. पण कोणता खिळा बसत नाही, कोणते झाकण सहा महिन्यांत निखळेल, कोणती बचत शहाणपणाची आणि कोणती धोक्याची, हे जोडणीच्या पट्ट्यावर उभ्या असणाऱ्या माणसाइतके कोणास समजते? कामगारांकडून सुधारणांच्या सूचना मागवून घेण्याची पद्धत कारखान्यांत आहेच. सूचना कामगाराची, बक्षीस म्हणून एखादी भेटवस्तू, आणि बचत कंपनीची, असा तिचा सर्वसाधारण व्यवहार आहे. वाटाघाटींच्या टेबलावर ही बचत यावी, आणि सुरक्षिततेला बाधा आणणाऱ्या बदलावर हरकत घेण्याचा हक्क संघटनेला असावा. नाशिकसारख्या शहरातील संघटनांनी याची सुरुवात केली, तर वेतनाच्या लढ्याला ग्राहकाच्या हिताची जोड मिळेल. संप झाला की कामगाराला दोष देणारा मध्यमवर्गही मग थांबून विचार करील, कारण त्याच्या मुलाबाळांच्या सीटमागे काय आहे आणि काय नाही, हे सांगणारा माणूस फाटकाबाहेर उभा असेल.

दसऱ्याला गाडीची पूजा करणारे कुटुंब दरवाजाच्या आतल्या उघड्या प्लॅस्टिकवरून हात फिरवते आणि काहीतरी गेल्याचे त्याला जाणवते. ती जाणीव खोटी नाही. ते अस्तर एखाद्या हुशार अभियंत्याच्या काटकसरीने गेले असेल, सरकारी मोजपट्टीने गेले असेल, किंवा अंबडमधील एखाद्या शेडमधल्या तरुणाच्या मजुरीबरोबर गेले असेल. ते कोणत्या वाटेने गेले हे त्या कुटुंबाला आणि त्या तरुणाला एकत्र बसून विचारता यावे, आणि उत्तर देणे ज्याचे कर्तव्य आहे त्याला ते टाळता येऊ नये, एवढी व्यवस्था तरी लोकशाही म्हणवणाऱ्या देशात असावयास हवी.